मुक्त स्रोत सॉफ्टवेअर प्रतिष्ठान

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर प्रतिष्ठान ही अनेकांच्या सहयोगातून घडणाऱ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांना कायदेशीर, आर्थिक व तांत्रिक आधार देणारी ना-नफा संस्था होय. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. तो ज्या मीडियाविकी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो, त्याला असा आधार त्याच वर्षी स्थापन झालेले विकिमीडिया फाउंडेशन देते.

आवश्यकता

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते. ती लिहिणारे लोक मात्र देशोदेशी विखुरलेले असतात. नोंदणी नसलेल्या अशा समूहाला स्वतःच्या नावे करार करणे, देणग्यांचा हिशेब ठेवणे किंवा प्रकल्पाच्या नावाचे व्यापारचिन्ह सांभाळणे कठीण जाते. हे सारे एखाद्या कंपनीच्या हाती असल्यास ती विकली जाताच प्रकल्पाचे भवितव्य अनिश्चित होते.

लिब्रेऑफिसचे उदाहरण

ओपनऑफिस.ऑर्ग हा प्रकल्प सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या आश्रयाखाली होता. २०१० मध्ये ओरॅकलने ही कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी अनेक विकासकांनी स्वतंत्रपणे द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली. आज्ञावली मुक्त असल्याने ती सोबत नेता आली. जुने नाव मात्र कंपनीकडे राहिल्याने ‘लिब्रेऑफिस’ हे नवे नाव घ्यावे लागले. २०१२ मध्ये बर्लिन येथे हे प्रतिष्ठान विधिवत अस्तित्वात आले. ओपनऑफिस २०११ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सुपूर्द करण्यात आले. लिब्रेऑफिस मराठी भाषेतही उपलब्ध आहे.

कार्यपद्धती

काही प्रतिष्ठाने एकाच प्रकल्पासाठी असतात, तर काही अनेक प्रकल्पांना एका छत्राखाली घेतात. डेबियन प्रकल्पाच्या सोयीसाठी १९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था आज अनेक प्रकल्पांच्या वतीने देणग्या स्वीकारते व व्यवस्थापनासाठी त्यांतील ५ टक्के रक्कम ठेवून घेते. तांत्रिक निर्णय मात्र प्रकल्पांकडेच राहतात.

भारतातील स्थिती

भारतात अशी संस्था कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली नोंदवता येते. तिला नफा सभासदांत वाटता येत नाही. परदेशी देणगीसाठी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. मुंबईतील ईआरपीनेक्स्ट या मुक्त स्रोत प्रणालीच्या प्रतिष्ठानाचे २०२० मध्ये फॉस युनायटेड असे नामांतर झाले. ही संस्था मुक्त स्रोत प्रकल्पांना अनुदान देते.

मर्यादा

प्रतिष्ठान प्रकल्पाचे नाव व निधी सुरक्षित ठेवू शकते. आज्ञावली लिहिणारे हात निर्माण करू शकत नाही. मोठ्या कंपन्यांच्या देणग्यांवर विसंबणाऱ्या प्रतिष्ठानांपुढे आपले स्वातंत्र्य टिकवण्याचा प्रश्नही उभा राहतो.