एसटीच्या तिकिटात दोन राजवटी

लिस्बनला एका दिवसासाठी उतरलेला प्रवासी काय करतो? दिवसभराचा पास काढतो, २८ नंबरच्या ट्राममध्ये उभ्याने फिरतो, बेलेंच्या बुरुजापुढे फोटो काढतो आणि पाय दुखेपर्यंत चालतो. परदेशातलं महानगर कमी पैशांत बघायचं तर सगळीकडे हीच धावपळ. पण त्या लिस्बनची सत्ता जिथे १९६१ पर्यंत चालली, तो तेरेखोलचा किल्ला आपल्या रेडीला लागूनच आहे. तिथे जायला व्हिसा लागत नाही आणि खर्च एसटी, रिक्षा आणि एका जेवणाचा. मात्र वेळ नीट जुळवावी लागते, आणि अनेकांची सहल तिथेच फसते.

रेडी हे वेंगुर्ले तालुक्याच्या आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्याही दक्षिण टोकाचं गाव. रेल्वेने येणाऱ्यांनी सावंतवाडी रोडला उतरावं आणि पुढे एसटीने शिरोडामार्गे यावं. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे आजी, आई आणि दोन मुली असं कुटुंब निघालं तर प्रवासखर्च खरोखरच किरकोळ होतो. गावात पोचल्यावर मात्र रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्यावं. रेडी-तेरेखोल वाटेवर गाड्या मोजक्याच आहेत आणि एक चुकली की अर्धा दिवस गेला.

सकाळी पहिला यशवंतगड, ऊन चढायच्या आत. खाडीच्या मुखाशी टेकडीवर जांभ्या दगडाचा हा किल्ला आहे. आतला खंदक आजही इतका खोल आहे की काठावर मुलांचा हात धरूनच उभं राहावं. तटाच्या चिऱ्यांमध्ये वडा-पिंपळाची मुळं शिरली आहेत. काही ठिकाणी भिंत मुळांनी धरून ठेवली आहे, काही ठिकाणी त्याच मुळांनी फोडली आहे. वाड्याच्या छप्पर गेलेल्या दालनांतून फिरताना इथे किती जणांनी राज्य केलं हे आठवावं. आदिलशाही, शिवाजी महाराज, सावंतवाडीकर सावंत-भोसले, १७४६ मध्ये पोर्तुगीज, पुन्हा सावंत, १७६५ मध्ये इंग्रज आणि शेवटी १८१९ मध्ये कायमचे इंग्रज. मधल्या काळात इंग्रजांनी याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं होतं. ते टिकलं नाही याचा मला आनंद आहे. एवढ्या मोलाच्या जागेची झाडी नियमित साफ व्हायला हवी आणि प्रत्येक दरवाजाशी चार ओळींची माहिती लावायला हवी. आलेल्या माणसाला आपण कुठे उभे आहोत हे कळलंच पाहिजे.

तिथून गणपती. लोहखनिजाच्या खाणीच्या परिसरात १९७६ साली जमिनीखालून ही द्विभुज मूर्ती निघाली. माणसाहून उंच, पाहताक्षणी नजर खिळवणारी. आसपासची तांबडी माती आणि खनिज नेणारं रेडी बंदर लक्षात घेतलं की खाण आणि देऊळ इतकी जवळ कशी, हे वेगळं सांगावं लागत नाही. मग ग्रामदेवता माउलीचं दर्शन घ्यावं आणि एखाद्या खानावळीत बांगड्याचं ताट आणि सोलकढी.

दुपारनंतर तेरेखोल. इथे भूगोल थोडा गमतीचा आहे. नदीच्या दक्षिणेला गोवा आणि उत्तरेला महाराष्ट्र, पण उत्तर काठावरचा हा चिमुकला तुकडा गोव्याचाच. किल्ला सावंतांनी बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला आणि दोनशे पंधरा वर्षं सोडला नाही. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही आत शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. दिवसभरात पोर्तुगीजांनी त्यांना पकडून तुरुंगात टाकलं. त्या काळात पलीकडे जायला परवाना लागे. रेडीच्या माणसाला मात्र पलीकडचा गाव घरातून दिसत असे, नातीगोती तिथे असत. १९ डिसेंबर १९६१ ला ती सरहद्द पुसली गेली. आता किल्ल्यात संत अँथनीचं चर्च आहे आणि हॉटेल आहे. पाहुण्याला किती भाग बघता येईल हे दारातच विचारून घ्यावं.

किल्ल्याखालून फेरीबोट पलीकडे केरीला जाते. पायी माणसाला तिकीट नाही, म्हणजे फुकटात खाडीची सफर. पण नदीच्या मुखाशी वाळू साचते आणि मोठ्या ओहोटीला बोट थांबते. धक्क्यावर विचारलं तर उत्तर मिळतं, ‘‘फेरी आसा, पण सुकती लागली की थांबता.’’

तर सुकती, म्हणजे ओहोटी, कधी लागणार? किनाऱ्यावर याचा जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. सहा-साडेसहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं, फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. भरती मध्यान्हीच्या आसपास आणि ओहोटी नेमकी संध्याकाळी, तीही खोल. सूर्यास्त बघून केरीहून परतू म्हणणारे त्याच दिवशी अडकतात. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय उघडा, तिथी बघा आणि मगच तारीख ठरवा. संकष्टीला गणपतीला गर्दी असते खरी, पण दुपारी खाडी भरलेली असते आणि फेरी मिळते. उपास असेल तर बांगडा मात्र दुसऱ्या दिवशी. थोडा वेळ इकडेतिकडे धरावा. पावसाळ्यात आणि वादळाच्या इशाऱ्यात हा हिशेब बाजूला ठेवून धक्क्यावरच्या माणसाचंच ऐकावं.

शिरोड्याचं काय, असं कोणी विचारेल. मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो गाव, वि. स. खांडेकरांनी १९२० पासून अठरा वर्षं जिथे शिकवलं ती शाळा, आणि जवळच आरवलीचा वेतोबा, ज्याला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. हे सगळं त्याच दिवसात कोंबू नये. खांडेकरांच्या आठवणी जपणारी जागा शाळेतच आहे, तिथे जायचं तर शाळेची वेळ गाठावी लागते. शिरोड्यात घरगुती खोली घेऊन रात्र काढावी, सकाळी घावणे खाऊन आधी मिठागरं बघावीत, मग शाळा, मग वेतोबा, आणि दुपारच्या गाडीने सावंतवाडी.