शत्रूच्या रंगात बोली

स्पर्धात्मक ब्रिजमध्ये ओपनरने प्रतिस्पर्ध्याचाच रंग बोलला, तर त्याला तो रंग खेळायचा नसतो. ‘माझ्याकडे भारी पानं आहेत, डाव कुठे न्यायचा ते तू सांग’, असं तो भिडूला विचारत असतो.

समजा, बोली अशी झाली : १ चौकट – १ इस्पिक – डबल – पास. भिडूचं हे निगेटिव्ह डबल, म्हणजे बहुधा बदामाची चार पानं. (१९५७मध्ये ॲल्विन रॉथने रूढ केलेल्या या डबलला त्या वर्षीच्या उपग्रहावरून ‘स्पुटनिक’ हे नाव पडलं.) ओपनरच्या हातात अशी पानं आहेत : इस्पिक ७, ५; बदाम एक्का, राजा, ४; चौकट एक्का, राजा, राणी, ६, ३; किलवर राजा, ८, ४. एकूण १९ गुण. गेम हवाच, पण बदाम तीनच आणि इस्पिक अडवायला काही नाही. ३ नोट्रम्प बोलणं धोक्याचं. इथे २ इस्पिक हीच खरी बोली. भिडूकडे इस्पिकचा स्टॉपर असेल तर तो नोट्रम्प बोलतो, बदाम पाच असतील तर ३ बदाम. पास मात्र कधीच नाही!

भिडूने रंगाला पाठिंबा दिल्यावर अर्थ सौम्य होतो. १ बदाम – २ किलवर – २ बदाम – पास, यानंतरची ३ किलवर ही अनेक जोड्यांत फक्त गेमची विचारणा असते. कमी ताकद असेल तर भिडू ३ बदामवर थांबतो. हा फरक जोडीने खेळायला बसण्याआधीच ठरवायला हवा.