भाषा एक, म्हणून राष्ट्र एक?

भाषा एक असली की राष्ट्र आपोआप एकजीव होते, असे आपण सहज मानतो. आफ्रिकेच्या ईशान्य टोकावरील कुशितिक भाषिकांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. सोमाली, ओरोमो आणि अफार या एकाच घराण्यातील भाषा. पण त्यांचे दैव एक नाही.

सोमालियात बहुतेकांची भाषा एक, धर्मही एक. १९७२ साली रोमन लिपी स्वीकारून सोमालीस राजभाषेचे स्थान मिळाले. १९७४ मध्ये विद्यार्थी खेडोपाडी अक्षरे शिकवावयास गेले. तरीही १९९१ मध्ये ते राज्य कोसळले. हुकूमशाहीने चेतविलेले कुळाकुळांतील वैर भाषेच्या धाग्याहून प्रबळ ठरले.

इथिओपियात ओरोमो हा सर्वांत मोठा समाज. परंतु सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीत त्याच्या भाषेस शाळेत थारा नव्हता. १९९१ नंतरच ती रोमन लिपीतून प्राथमिक शिक्षणाचे माध्यम झाली. २०२० मध्ये या तिन्ही भाषांना संघराज्याच्या कारभारात स्थान देण्याचे ठरले. पण ओरोमियातील सशस्त्र संघर्ष तेवढ्याने शमला नाही.

भाषा दडपली तर मने दुरावतात, हे खरे. परंतु सत्तेत न्याय्य वाटा नसेल, तर भाषेचा गौरवही ती सांधू शकत नाही.