भाच्याने आणलेली काडी

माघात शिवनेरीची सहल करून आलेल्या आमच्या भाच्याने खिशातून बोटभर लांबीची एक मांसल काडी काढली आणि मामीच्या हातावर ठेवली. "कड्यावरून तोडली. निवडुंग असेल!" सौ.ने ती धरमपेठेतल्या गच्चीवर एका फुटक्या कुंडीत खोचली. वैशाखात नागपूरचा पारा पंचेचाळीसवर गेला, तेव्हा आम्ही काडीची आशाच सोडली.

मृगाच्या सरी आल्या आणि काडीला पाने फुटली! निवडुंग म्हणावा, तर काटे नाहीत. शेर म्हणावा, तर मोडल्यावर दूध नाही. माकडशिंग म्हणावे, तर त्याचा दांडा चौधारी नि बिनपानांचा. हिचा गोल, गुळगुळीत आणि वर चक्क हिरवी पाने. गणपती गेल्यावर फूल आले. रुपयाएवढी पाच टोकांची चांदणी, गडद किरमिजी, वर पिवळे ठिपके. आता शंका उरली नाही. ही शिंदळ माकुडी. शनिवारी मारुतीला वाहतो त्या रुईच्याच कुळातली. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' म्हटले. साहेब गेले, नाव राहिले!

तिचा संसार मोठा धोरणी. पावसाळ्यात पाने इतर झाडांप्रमाणे दिवसा हवा घेतात. उन्हे तापली की पाने गाळून ती नुसत्या दांड्यावर भागवते. दांड्याची सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटलेली, रात्री उघडी. जर्मन शास्त्रज्ञांनी १९७७ साली हे दाखवून दिले. नागपूरकराला त्यात नवल ते काय? मे महिन्यात आमच्या खिडक्यांचाही हाच नियम.

पण हे सारे वाचताना माझा चेहरा उतरला. जगात ही वनस्पती रानात आढळते ती फक्त सह्याद्रीच्या काही कड्यांवर. १९८० च्या दशकात जगातल्या अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींच्या यादीत तिचे नाव आले होते. काडी लावली की ती सहज जगते, हे खरे. परंतु एकाच काडीपासून केलेली शंभर रोपे म्हणजे शंभरदा तेच झाड. नवा वाण निपजायचा तर बी हवे; आणि हिचे पराग पुंजक्यांनी चिकटलेले, ते उचलून न्यायला माशी हवी. आमच्या कुंडीत फुले सात आली. शेंग एकही नाही.

भाऊबीजेला ताई येणार आहे, भाचाही येईल. त्याला आधी फूल दाखवायचे, की आधी त्याचा कान धरायचा, यावर घरात दोन तट आहेत.