औषधांना न जुमानणारे जिवाणू आणि प्रकाशाचा मारा

दिल्लीतील करोल बागेला लागूनच पुसा संकुल आहे. बिहारमधील पुसा येथे 1905 मध्ये स्थापन झालेली आणि 1934 च्या भूकंपानंतर, 1936 मध्ये दिल्लीत आलेली भारतीय कृषी संशोधन संस्था याच संकुलात आहे. पिकांच्या सुधारित वाणांमुळे दिल्लीचे हे नाव शेतकऱ्यांना परिचित झाले. सूक्ष्मजीवशास्त्रात मात्र दिल्लीचे नाव एका अप्रिय कारणाने रूढ झाले. प्रभावी प्रतिजैविकांनाही निष्प्रभ करणाऱ्या एका विकराला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-1’ असे नाव देण्यात आले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मध्य दिल्लीभोवतीच्या 12 किलोमीटर परिघातील पाणी तपासले गेले. करोल बाग या परिघातच येते. साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51, तर नळाच्या पाण्याच्या 50 पैकी 2 नमुन्यांत या विकराचे जनुक आढळले.

असे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. त्यामुळे हा प्रश्न रुग्णालयापुरता उरत नाही. सांडपाणी, माती आणि भाजीपाला यांच्याशीही तो जोडला जातो. डाळिंबावरील तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लीन यांचे मिश्रण फवारले जात असे. त्याचा शेतीतील वापर थांबवण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये आदेशाचा मसुदा काढला, तो याच चिंतेतून.

प्रकाश काय करतो?

सूर्यप्रकाशाने जिवाणूंची वाढ खुंटते, हे डाउन्स आणि ब्लंट यांनी 1877 मध्येच दाखवले होते. 254 नॅनोमीटरचे अतिनील किरण जिवाणूच्या डीएनएवर थेट आघात करतात. सुमारे 405 नॅनोमीटरचा निळसर जांभळा प्रकाश जिवाणूतील पॉर्फिरिन शोषून घेतात. त्यातून तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन पेशीपटल, प्रथिने व डीएनए या सर्वांची हानी करतो. प्रतिजैविक बहुधा एका ठरावीक जागी काम करते, म्हणून तेवढ्या एका बदलाने जिवाणू त्यातून सुटतो. हा मारा मात्र एकाच वेळी अनेक ठिकाणी होत असल्याने त्याविरुद्ध प्रतिरोध निर्माण होण्याची शक्यता कमी असते. औषधांना दाद न देणारा जिवाणूही त्याला बळी पडतो.

हळदीतील कुरकुमिन निळा प्रकाश शोषून हेच कार्य करते. मक्याच्या दाण्यांवरील अफ्लाटॉक्सिन निर्माण करणाऱ्या बुरशीवर त्याचे प्रयोग झाले आहेत.

रात्रीचे महत्त्व

बुरशीनाशकांना न जुमानणाऱ्या भुरी रोगावर अमेरिकेतील द्राक्षबागांत व स्ट्रॉबेरीच्या शेतांत अतिनील किरणांचा उपयोग करून पाहण्यात आला. हे किरण रात्री सोडतात. अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए दुरुस्त करणारे विकर बुरशीकडे असते. परंतु त्याला निळ्या प्रकाशाची गरज लागते. अंधारात ही दुरुस्ती होत नाही, म्हणून कमी मात्राही पुरते.

मर्यादा

प्रकाश पोहोचतो तेथेच त्याचा परिणाम होतो. गढूळ पाणी, दाट पर्णसंभार आणि फळाच्या आत दडलेला रोग येथे तो निष्प्रभ ठरतो. मात्रा जास्त झाल्यास पाने भाजतात. अतिनील दिव्यांमुळे डोळे व त्वचा यांना इजा होते. मित्रकीटक व भक्षक कोळ्यांनाही धोका संभवतो. त्यामुळे स्वच्छ केलेले पाणी, काढणीनंतरचा माल, पॅकहाउसमधील पृष्ठभाग आणि रोपवाटिका ही आज त्याची योग्य क्षेत्रे होत.

स्वच्छ पाणी पारदर्शक पेट बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात ठेवणे, ही या तत्त्वाची सर्वांत स्वस्त रीत आहे. आभाळ असल्यास दोन दिवस लागतात. मात्र प्रतिजैविकांचा शेतातील अनावश्यक वापर सुरूच राहिला, तर प्रतिरोधक जिवाणू निर्माण होतच राहतील. रोगमुक्त रोपे, बागेची स्वच्छता व शिफारशीनुसार फवारणी हा पाया पक्का असेल, तरच प्रकाशाची जोड फलदायी ठरेल.