गिअरबॉक्सची रक्ततपासणी

आमच्या मामाच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं बंद झालं. म्हणून त्याने सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर म्हणाला, "काय रे इंजिनिअर, 'डी'मध्ये टाकलं की गाडी जरा थांबते आणि मग धक्का देते. असं का?" आता एपिसायक्लिक गिअर ट्रेनची टेबलं मला पाठ, पण बॉनेट उघडून बघायचं काय? शेवटी गाडीचं मॅन्युअल काढलं. जे कळलं ते मित्रांनो, तुमच्यासाठी.

अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात ताकद पोचवतं ते तेल, म्हणजे एटीएफ. आतले क्लच दाबायचे, गिअरना वंगण द्यायचं, उष्णता वाहून न्यायची, सगळी कामं त्याचीच. म्हणून तेल बिघडलं की सगळंच बिघडतं.

तपासणी पाच मिनिटांची. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन गरम आणि चालू. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून 'पी'वर आणायचा. मग डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा घालून पातळी बघायची. (काही कंपन्या इंजिन बंद करून बघायला सांगतात, म्हणून मॅन्युअल आधी!) नंतर एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाकायचा.

लाल आणि पारदर्शक : तब्येत ठणठणीत.
तपकिरी : तेल जुनं झालंय, बदला.
काळपट आणि करपलेला वास : क्लच जळतायत.
दुधाळ गुलाबी : कूलरमधून पाणी किंवा कूलंट शिरलंय. गाडी चालवूच नका.

मामाचा थेंब गडद तपकिरी, वासही करपट. एक मेकॅनिक म्हणाला, "हात लावू नका, जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो." हा समज कुठून आला? लोक तेल बदलतात तेच गाडी स्लिप व्हायला लागल्यावर. क्लच आधीच झिजलेले असतात, नाव मात्र नव्या तेलाचं खराब.

आम्ही बदललं. खालच्या पॅनमधल्या चुंबकावर मऊ करडा लगदा होता, तो चालतो. धातूचे तुकडे असते तर गिअरबॉक्स खोलावाच लागला असता. एकदा ड्रेन करून सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून मध्ये थोडी गाडी चालवून पुन्हा बदललं. धक्का कमी झाला, पण गेला नाही. झिजलेला क्लच तेलाने भरून येत नाही.

दोन सूचना. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे ठरावीक तापमानाला खालच्या प्लगमधून पातळी बघतात, ते गॅरेजचं काम. आणि सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात. सीव्हीटीला तिचं वेगळं तेल लागतं. एएमटी तर मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम आपल्याऐवजी यंत्र करतं.

निघताना मामा म्हणाला, "हा टिश्यू पेपर गाडी घ्यायच्या आधी आणला असतास तर?" उत्तर नव्हतं. तुमच्या घरी कोणी सेकंडहँड ऑटोमॅटिक बघत असेल, तर पैसे द्यायच्या आधी तो थेंब बघा.