आधी हात रुळू द्या

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही अमेरिकेत, टेक्सास राज्यात, आपाकडे गेलो होतो. निमित्त होते भाच्याच्या पदवीदान समारंभाचे. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. एवढ्या लांबचा प्रवास आयुष्यात पहिल्यांदाच घडत होता. समारंभ पाहावा, डॅलस शहर पाहावे, आपाच्या हातचे चार घास खावेत आणि परत यावे, एवढाच बेत होता. पण घरासमोर ट्रेलरवर उभी असलेली एकवीस फुटी चकचकीत बोट दिसली आणि सुट्टीतले बरेच दिवस तिच्याच नावावर गेले.

दुल्हाभाई मूळचे दाभोळचे. वाशिष्ठीच्या खाडीत होडी वल्हवत वाढले. पुढे मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत वीस-बावीस वर्षे काढली आणि मग अमेरिकेत स्थायिक झाले. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी केलेली ही पहिलीच मोठी हौस. आपा हसत म्हणाली, "कर्ज नाही काढलं, एवढंच समाधान. बाकी माझं कोण ऐकतं?"

या हौसेपायी त्या घरात जे घडले ते सांगावेसे वाटते. बोट आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या दारात असेल, पण नवी गाडी, नवी मोटारसायकल तर घरोघरी येते.

ही बोट कशासाठी असते?

बास हा तिकडच्या गोड्या पाण्यातला मासा. गळाला लागला की जोरात झुंजतो, म्हणून हौशी लोक त्याच्या मागे वेडे असतात. बरेच जण मासा पकडतात, मोजतात आणि परत पाण्यात सोडून देतात. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या गृहस्थांनी आर्कान्सा राज्यातल्या बीव्हर तलावावर बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली आणि तेव्हापासून या छंदाला खेळाचे रूप आले.

बास पकडण्यासाठी खास बोट त्याआधीच, १९४८ मध्ये, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट येथे होम्स थर्मंड यांनी बनवली होती. ती साधी, लहान आणि चपट्या तळाची होती. पण स्पर्धेत वेळ ठरलेली असते. जो माशांच्या जागी आधी पोहोचेल त्याला गळ टाकायला जास्त वेळ मिळतो. त्यामुळे इंजिने मोठी होत गेली. दुल्हाभाईंच्या बोटीच्या पाठीला २५० अश्वशक्तीचे इंजिन आहे. तिचा वेग ताशी ७० मैलांपर्यंत, म्हणजे ११२ किलोमीटरपर्यंत जातो. महामार्गावर मोटार ज्या वेगाने पळते, त्या वेगाने टनापेक्षा जास्त वजनाची बोट पाण्यावरून जाते. आणि तिला ब्रेक नसतो.

इंजिनाला दिले दहा तास

नवे इंजिन आणले की ते आधी रुळू द्यावे लागते. पहिले काही तास ते एकाच वेगावर धरून ठेवायचे नाही, वेग कमी-जास्त करत राहायचा, सतत पूर्ण ताकदीने पळवायचे नाही. आतले नवे भाग एकमेकांशी नीट जुळून यावेत म्हणून ही काळजी. दुल्हाभाई तर इंजिनातलेच माणूस. आम्ही पोहोचण्याआधी तीन आठवडे त्यांनी हे पथ्य काटेकोर पाळले होते. वहीत तारीख, वेळ, इंजिनाचे फेरे, सगळे लिहून ठेवले होते. दहा तास पूर्ण झाल्याचे त्यांनी आम्हाला मोठ्या खुशीने दाखवले.

त्याच रविवारी आम्ही सगळे लेक फोर्कला गेलो. डॅलसच्या पूर्वेला असलेला हा तलाव १९८० साली धरण बांधून तयार झाला. विस्तार सुमारे २७ हजार एकर. मोठ्या बास माशांसाठी तो अमेरिकेत नावाजलेला आहे. धरण भरताना बरीच झाडे न तोडता तशीच पाण्याखाली जाऊ दिली, कारण मासे त्यांच्या आडोशाला राहतात. त्यांचे वाळलेले बुंधे आजही पाण्यातून डोके काढून उभे दिसतात. काही दिसतही नाहीत, वीतभर पाण्याखाली असतात. म्हणून बोटींसाठी खुणा लावून वाटा आखून दिल्या आहेत.

दुल्हाभाई आणि भाचा बोटीत बसले. आम्ही आपासोबत काठावर थांबलो. थोड्या वेळाने मोकळ्या पाण्यावर बोट भरधाव जाताना दिसली. पाहताना छान वाटले. पण क्षणातच ती डावी-उजवीकडे डोलू लागली. आधी थोडी, मग जास्त, मग फारच. वाऱ्यात दिवा हलावा तशी. एकदम तिचे नाक खाली आपटले, बोट तिरकी वळली आणि पाण्याचा मोठा फवारा उडाला. आपाने आमचा हात घट्ट धरला. तिच्या तोंडून फक्त "या अल्लाह" एवढेच निघाले.

अल्हम्दुलिल्लाह, बोट उलटली नाही. दोघे हळूहळू काठाला आले. दुल्हाभाईंचा चेहरा पांढरा पडला होता. बोट बांधताना भाच्याने सीटवरून एक लाल वेटोळ्याची दोरी उचलली आणि काही न बोलता वडिलांसमोर धरली. ती त्यांच्या लाइफ जॅकेटला अडकवलेली असायला हवी होती. ती सीटवरच पडून होती.

परतीच्या वाटेत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर आपाने बोटीची किल्ली घेतली आणि तांदळाच्या डब्यात टाकली.

शिकायचे कोणाकडून?

शेजारी सत्तरीचे एक अमेरिकन गृहस्थ राहतात. तीस वर्षे बासच्या स्पर्धा खेळलेले. त्यांनी आपणहून शिकवायची तयारी दाखवली. अट एकच होती, पहिला तास दुल्हाभाईंनी शेजारच्या सीटवर बसायचे.

दुल्हाभाईंना ते रुचले नाही. "मी खाडीत वाढलोय. आयुष्य जहाजावर गेलं. मला कोण बोट शिकवणार?" तीन दिवस हाच सूर. अखेर भाचा जेवताना म्हणाला, "अब्बा, मी गाडी शिकत होतो तेव्हा तुम्ही किती महिने माझ्या शेजारी बसत होता? हायवेवर जाऊ देत नव्हता. तुम्ही इंजिनला दहा तास दिले. स्वतःला किती दिले?"

दुल्हाभाई गप्प झाले. आम्हीही गप्पच होतो, कारण हा प्रश्न आम्हालाही लागू होता. वर्गात आम्ही रोज सांगतो की चुकत-चुकत शिका, हळू शिका. पण पन्नाशीजवळच्या माणसाला कोणी शिकवू लागले की त्याला ते टोचते. शाळेत संगणक आले तेव्हा आमचेही तसेच झाले होते. दुसऱ्या दिवशी आपाने डब्यातून किल्ली काढून दिली.

जुनी जाण कुठे अडते?

पुढचे तीन आठवडे आम्ही ही शिकवणी पाहिली. कधी काठावरून, कधी मागच्या सीटवर बसून. जे समजले ते असे.

जहाज किंवा होडी पाणी कापत जाते. ही बोट वेग घेतला की पाण्यावर चढते आणि घसरत जाते. निघताना इंजिन पूर्ण खाली झुकवून वेग द्यावा लागतो. त्या वेळी बोटीचे नाक इतके वर उठते की दोन-तीन सेकंद पुढचे काही दिसत नाही. म्हणून निघण्याआधीच समोरचे पाणी मोकळे आहे का ते नीट पाहून घ्यायचे. मग नाक खाली येते आणि बोट सपाट धावू लागते.

यानंतर इंजिनाचा कोन हळूहळू बाहेर काढतात. याला ट्रिम म्हणतात. स्टिअरिंगजवळच त्याचा खटका असतो. कोन वाढला की नाक उचलले जाते, पाण्याला टेकलेला भाग कमी होतो आणि वेग वाढतो. अगदी वरच्या वेगाला बोटीचा फक्त मागचा अरुंद पट्टा पाण्यावर राहतो. एवढी मोठी बोट तेवढ्याशा पट्ट्यावर तोललेली असते. म्हणूनच ती डोलते. चालवणारा घाबरून स्टिअरिंग फिरवतो, पण त्याचा हात उशिरा पोहोचतो. तोवर बोट दुसरीकडे कललेली असते. त्यामुळे सावरण्याच्या नादात डोलणे आणखी वाढते. दुल्हाभाईंचे नेमके हेच झाले. नंतर त्यांनी वेग एकदम शून्यावर आणला, नाक पाण्यात रुतले आणि बोट तिरकी फिरली.

शेजाऱ्यांनी शिकवलेला उपाय साधा होता. डोलणे सुरू होताच वेग थोडा कमी करा, ट्रिम थोडी आत घ्या, बोट शांत होते. एकदम काहीच करू नका. सराव झाला की डोलण्याआधीची सूक्ष्म हालचाल पाठीला आणि बुडाला कळू लागते, आणि केसभर स्टिअरिंग हलवून बोट सरळ राखता येते. पण हे अंगात यायला तास नव्हे, महिने लागतात. तोवर डोलणे जिथे सुरू होते त्या वेगाच्या खालीच राहायचे.

आणखीही बारकावे होते. वळण्याआधी वेग कमी करून ट्रिम आत घ्यायची. थांबताना वेग टप्प्याटप्प्याने उतरवायचा, नाहीतर आपलीच लाट मागून बोटीत शिरते. दुसऱ्या बोटीची लाट आली तर वेग कमी करून ती तिरकी घ्यायची. सामान दोन्ही बाजूंना सारखे ठेवायचे, कारण एका बाजूचे जास्तीचे वजन वरच्या वेगाला लगेच जाणवते.

खाडीतला अनुभव वाया गेला का? नाही. वारा कुठून आहे, पाण्याचा रंग कुठे बदलला, बुंधा कुठे असेल, हे दुल्हाभाईंना शेजाऱ्यांपेक्षा लवकर दिसायचे. डोळे जुनेच कामाला आले. शिकायचे होते ते हातांना.

लाल दोरी

आता त्या दोरीविषयी. तिचे एक टोक चालकाच्या लाइफ जॅकेटला किंवा कमरेला अडकवतात, दुसरे इंजिनाच्या बंद करण्याच्या खटक्याला. चालक जागेवरून फेकला गेला की दोरी ओढली जाते आणि इंजिन तत्क्षणी बंद पडते.

दोरी नसेल तर काय होते ते ऐकून आमच्या अंगावर काटा आला. चालक पाण्यात पडतो, बोट मात्र चालूच राहते. स्टिअरिंग सोडलेले असल्याने पंख्याच्या जोराने ते आपोआप एका बाजूला वळते आणि बोट गोल गोल फिरू लागते. फिरत फिरत ती पाण्यात पडलेल्या माणसाकडेच परत येते, फिरत्या पंख्यासह. म्हणूनच १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेच्या जलमार्गांवर, २६ फुटांपेक्षा कमी लांबीची आणि हा खटका असलेली मोटारबोट वेगात चालवताना तो चालकाने वापरणे कायद्याने बंधनकारक झाले आहे.

लाइफ जॅकेटचेही तसेच. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार, नौकाविहारातल्या अपघातांत बुडून मेलेल्या दर शंभरांपैकी सत्त्याऐंशी जणांनी लाइफ जॅकेट घातलेले नव्हते. यातल्या कितीतरी जणांना पोहता येत असेल. पण फेकला गेलेला माणूस बेशुद्ध असेल तर पोहणार कसा?

"त्या दिवशी दोरी का लावली नाही?" आम्ही दुल्हाभाईंना एकदा हळूच विचारले. ते म्हणाले, "मुलासमोर नवशिक्या दिसू नये म्हणून." एवढा खरा जबाब द्यायलाही हिंमत लागते.

शेवटचा रविवार

आमच्या परतीच्या आधीच्या रविवारी आपा पहिल्यांदा बोटीत बसली. दुल्हाभाईंनी आधी तिच्या जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले, मग स्वतःचे, आणि दोरी अडकवली. खट्ट असा आवाज आम्हाला काठावर ऐकू आला. बिस्मिल्लाह म्हणून ते निघाले. वेग असेल ताशी चाळीस मैलांच्या आसपास. शेजारी काठावरच खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "आता हा माणूस बोट चालवतोय. आधी बोट त्याला चालवत होती."

परत आल्यावर आपा म्हणाली, "एवढी पळते, तर मग हळू का नेलीत?" दुल्हाभाई हसले. "अजून शिकतोय."

आम्ही कोकणात परतलो. आपल्याकडेही काशीद, मुरूड, तारकर्लीच्या किनाऱ्यांवर सुट्टीत पाण्यावरच्या स्कूटरची गर्दी असते. तिलाही मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची अशीच दोरी असते. मुलांना घेऊन गेलात तर चालवणाऱ्याला ती अडकवायला लावा आणि जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून पाहा. कोणी हसले तर हसू द्या.

आणि घरात मुलगा नवी मोटारसायकल आणेल तेव्हा शोरूमवाला सांगेलच की पहिले पाचशे किलोमीटर गाडी जपून चालवा. त्याच्या जोडीला आपणही सांगूया, बाळा, तेवढे किलोमीटर तुझ्या हातांनाही दे.